कपिलधारपर्यंत, बंद न पडता

५ ऑक्टोबर, रविवार

वेलू अण्णा म्हणतो, जे उघडलं ते त्याच दिवशी लिहून ठेव, नाहीतर जोडताना एक स्क्रू हातात उरतो. कोइम्बतूरच्या आमच्या वर्कशॉपमध्ये त्याने सगळ्यांना एकेक वही दिली आहे. बाकीचे फक्त गाडीचं लिहितात. माझ्या वहीत दुसरंही पुष्कळ येतं. तिकडं मराठी वाचणारं कोणी नाही, म्हणून बिनधास्त.

आयुधपूजा झाली, सुट्टी मिळाली, रेल्वे अन् एसटी करत आज घरी पोचलो. केजच्या स्टँडवर आबा जीप घेऊन उभेच होते. केज ते युसूफ वडगाव, दिवसातून सहा खेपा, हे त्यांचं आयुष्य. मी चढलो तसं त्यांनी सगळ्या जीपला सांगितलं, "ह्यो माझा गहिनीनाथ. जुन्या विलायती गाड्यांचा मिस्त्री हाय. राजेलोकांच्या गाड्या ह्याच्या हाताखालून जातेत."

हाताखालून जातात हे खरं आहे. रॉकेलच्या टबात त्यांचे पार्ट मीच धुतो.

आबाला मी खोटं असं कधी बोललो नाही. एकदा फोनवर म्हणालो, आज जग्वारचं काम होतं. पुढचं त्यांनी स्वतःच समजून घेतलं अन् मी दुरुस्त केलं नाही. आता ते दुरुस्त करायचं तर जीपमधली पंधरा माणसं आधी उतरवावी लागतील.

उद्या केजला शिवकांताकाकूंच्या घरी जायचं आहे. भांड्यांचं दुकान आहे त्यांचं. त्यांची १९५७ ची मॉरिस मायनर गरम झाली की मधेच बंद पडते. आबांनी ऑगस्टमध्येच शब्द देऊन टाकला होता की पोरगा दिवाळीला येऊन नीट करील. मी अण्णाला सांगितलं. अण्णाने बॅगेत इलेक्ट्रॉनिक इग्निशनचं किट टाकलं, विलायतेहून आलेलं, काडेपेटीएवढं. "करके आ," म्हणाला. एवढंच. देताना विचारलं, गाडीच्या बॉडीला बॅटरीचा प्लस जोडलाय का मायनस? मी म्हणालो मायनस. विचारायची काय गरज? ट्रॅक्टर घ्या, जीप घ्या, बॉडीला मायनसच असतो.

६ ऑक्टोबर, सोमवार

गाडी बघितली. फिकट हिरवी, गोल पाठीची. वाड्याबिड्यात नाही, दुकानाच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, स्टीलच्या हंड्यांच्या खोक्यांमध्ये उभी. दसऱ्याची पूजा अजून तशीच. झेंडूच्या माळा वाळून गेलेल्या, बॉनेटवर भस्माची तीन बोटं.

काकू साठीच्या पुढच्या. आधी गाडी दाखवली नाही, माझे हात बघितले. उलटे, सुलटे.

"लई स्वच्छ हात हायेत रे. मिस्त्रीचे असे कधी बघितले न्हाईत."

मला बरं वाटलं. तिकडची शिस्तच तशी आहे म्हणून सांगितलं.

त्यांचा मुलगा रुद्रेशभाऊ मोबाइलवर बोलत बोलत आला. तो माणूस मला सुरुवातीलाच पटला नाही. म्हणाला, "मिस्त्री, एक गोष्ट आधीच आयकून घे. पुण्याचा एक शौकीन अठ्ठावीस तारखेला गाडी बघायला येतोय. आवडली की घेऊन जाणार."

काकू म्हणाल्या, "आपलं काय ठरलंय ते बी सांग की त्याला."

ठरलंय ते असं. भाऊबीज झाल्यावरच्या सोमवारी, म्हणजे सत्तावीसला, काकू स्वतः गाडी चालवत कपिलधारला, मन्मथस्वामींच्या समाधीला, जाणार अन् परत येणार. रस्त्यात एकदाही बंद पडली नाही तर गाडी घरात राहील. बंद पडली तर अठ्ठावीसला पुण्याला जाईल. मायलेकांनी मन्मथस्वामींची शपथ घातली आहे, म्हणजे आता दोघांनाही मागं फिरता येत नाही.

काकू पूर्वी दर सोमवारी एकट्या कपिलधारला जायच्या म्हणे. जानेवारीत परत येताना चढावर गाडी बंद पडली. दिवस बुडालेला, फोनला रेंज नाही. दोन तासांनी रुद्रेशभाऊला पत्ता लागला. तेव्हापासून गाडीची चावी त्याच्या खिशात असते.

चांगला भाव आला असणार, म्हणून एवढी घाई. व्यापारी माणूस.

७ ऑक्टोबर, मंगळवार

आज उघडलं. काय उघडलं ते लिहितो.

डेल्को, म्हणजे चारी प्लगला करंट वाटणारा डबा, त्याची टोपी, दोन क्लिपा. आत रोटर. त्याच्या खाली पॉइंट. हे दोन बारके पॉइंट उघडतात, मिटतात, तेव्हा प्लगला करंट जातो. एका मिनिटात शेकडो वेळा. म्हणून जळतात, झिजतात, अन् गरम झाल्यावर दगा देतात. किटमध्ये पॉइंटच नाहीत. लोहचुंबकाची एक रिंग फिरते अन् शेजारची काळी डबी ते ओळखून करंट सोडते. घासायचं काही नाही, झिजायचं काही नाही.

एक गोष्ट नवलाची. पॉइंट जुने होते पण घासून आरशासारखे केलेले. कोण घासतं म्हणून रुद्रेशभाऊला विचारलं तर तो म्हणाला मला काय माहीत. काकू तिथंच डबे पुसत होत्या. त्यांना कशाला विचारायचं, म्हणून विचारलं नाही.

रुद्रेशभाऊ सकाळी सातलाच येऊन शेडमध्ये बसला होता. पाळतीवर.

८ ऑक्टोबर, बुधवार

जळलं.

सगळं नीट बसवलं होतं. रिंग दाबून बसली, डबी बसली, दोन वायरी रबरातून बाहेर काढल्या. बॅटरीवरच्या खुणा ग्रीस अन् हळदीच्या थराखाली गेलेल्या, पण एका टोकाला लाल रंग होता. लाल म्हणजे प्लस, हे कुठल्याही गॅरेजमधलं पोर सांगेल. ते टोक बॉडीला जोडलेलं नव्हतं, म्हणजे बॉडीला मायनस. बरोबर. मग किटची लाल वायर कॉइलच्या, म्हणजे ठिणगीसाठी करंट वाढवणाऱ्या गुंडाळीच्या, स्विचकडच्या बाजूला, काळी दुसरीकडे.

चावी फिरवली. आवाज आला नाही. वास आला. जळक्या प्लास्टिकचा, जरासाच. मी पटकन चावी काढली. डबीला हात लावला तर चटका.

काकू आतून म्हणाल्या, "काय झालं रे?"

मी म्हणालो, "काही न्हाई काकू. बॅटरी थोडी उतरलीय."

९ ऑक्टोबर, गुरुवार

आज जुने पॉइंट परत बसवले अन् किट बसवल्यासारखं दाखवलं. टोपी लावली की आतलं कुणाला दिसतं?

आबा दुपारच्या खेपेला येऊन गेले. जीपमधल्या माणसांना शेडपर्यंत घेऊन आले, दोन मिनिटं दाखवायला. एक म्हातारं म्हणालं, "आसाराम, पोरगं लेका हुशार निघालं." आबा टोपी सारखी करत राहिले. ते बघून मला मेल्यासारखं झालं.

मी पाच वर्षांत चार गावं बदलली. चाकण, सुरत, हैदराबाद, आता कोइम्बतूर. दरवेळी असंच झालं. काहीतरी अंगावर यायला लागलं की मी बॅग भरतो अन् म्हणतो, इथं राम नाही. आज एसटीचं वेळापत्रक बघून आलो. सोलापूरची गाडी सव्वाचारला आहे. उद्या गेलो तर आबा म्हणतील कामावरून बोलावणं आलं असेल. ते स्वतःच समजून घेतील.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

सव्वाचारला स्टँडवर होतो. बॅग नव्हती नेली, नुसता बघायला गेलतो. गाडी लागली, भरली, गेली.

समोर बंकटचं बॅटरीचं दुकान. त्याने हाक मारली, "काय बे गहिन्या, राजेलोकांचा मिस्त्री एसटीकडं काहून बघतोय? तिचं बी इंजन खोलतो का?" पाच-सहा जण हसले.

जाणं-न जाणं काही ठरलं नाही.

११ ऑक्टोबर, शनिवार

आज जे झालं ते नीट लिहायला पाहिजे.

शेडमध्ये गेलो तर काकू बॉनेट उघडून उभ्या. हातात चाकू अन् बटाटा.

"बस," म्हणाल्या. स्टुलावर बसलो. त्यांनी बटाटा मधोमध कापला. बॅटरीच्या दोन्ही टोकांना तांब्याची एकेक वायर आधीच लावलेली होती. वायरींची दुसरी टोकं बटाट्याच्या कापलेल्या अंगात खुपसली, बोटभर अंतर ठेवून.

"आता बघत बस."

आम्ही दोघं बटाट्याकडे बघत बसलो. दुकानात रुद्रेशभाऊ कुणाला तरी कुकरची गॅरंटी समजावत होता. सात-आठ मिनिटांनी एका वायरीच्या भोवती बटाटा हिरवा व्हायला लागला. चांगला मोरपिशी हिरवा. दुसऱ्या वायरीला नुसता फेस.

"हिरवं होतं तो प्लस," काकू म्हणाल्या. "ती वायर कुठं गेलीय बघ."

मी बोटाने धरत धरत गेलो. टोक, पट्टी, बोल्ट. बॉडी.

"ह्या गाडीचं सगळं उलटंच हाय. प्लस बॉडीला. विलायतेत तवा तसंच करायचे. आमच्या ह्यांनी मला पहिल्या दिवशी हेच शिकवलं, बटाटा घिऊन. तुला कुणी सांगितलं न्हाई व्हय?"

"न्हाई काकू."

"तू विचारलंस कुणाला?"

मी म्हणालो, "पण त्या टोकाला लाल रंग होता."

काकू आधी माझ्याकडे बघत राहिल्या. मग खोक्यावर बसून पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की रुद्रेशभाऊ धावत आला.

"आरं, ते कुंकू हाय! खंडेनवमीला मी लावलं. जवळ होतं त्या टोकाला लावलं."

मला हसू येईना. रुद्रेशभाऊ परत गेल्यावर मी सगळं सांगून टाकलं. किट बुधवारीच जळलं. आत जुने पॉइंट आहेत. मी मिस्त्री नाही. पार्ट धुतो. किट बसवताना अण्णाला दोनदा बघितलंय, पाना हातात द्यायला उभा होतो तेव्हा.

काकूंना काहीच नवल वाटल्यासारखं दिसलं नाही. मला वाटलं होतं लई बोलतील.

"आसारामला म्हाईत हाय का हे?"

"न्हाई."

"मग त्याला तूच सांगशील, कवा सांगायचं तवा. आता मला सांग, दोनदा बघितलं त्यात काय काय बघितलं?"

मी सांगत गेलो. त्या विचारत गेल्या. ही रिंग कशी बसते, ती वायर कुठून जाते. मधेच त्यांनी कमरेच्या पिशवीतून नखं घासायची कानस काढली अन् बोलता बोलता पॉइंट घासायला लागल्या. हात न बघता चालत होता.

किती वर्षं करताय म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रुद्रेश पाळण्यात होता."

१२ ऑक्टोबर, रविवार

अण्णाला फोन. रविवारी तो घरी असतो. बोलायचं ते कागदावर लिहून घेतलं होतं तरी सगळं उलटसुलट झालं. शेवटी म्हणालो, "अण्णा, किट जल गया. मैंने पूछा नहीं था. आपको झूठ बोला."

पंख्याची घरघर थांबली, त्याने पंखा बंद केला असणार.

मग म्हणाला, "कॉइल ठीक है?"

"ठीक है."

"हाथ जला?"

"नहीं."

"अच्छा. सुन तंबी." तंबी म्हणजे तिकडं धाकटा भाऊ.

उलट्या गाडीचं किट विलायतेहून यायला दोन महिने लागतील. पण वर्कशॉपमध्ये सुलटं एक पडून आहे, ते तो कुरिअर करणार. "फिर गाड़ी को सीधा कर," म्हणाला. बॅटरी फिरवायची, कॉइलच्या वायरी फिरवायच्या, अन् बॅटरी भरणाऱ्या डायनामोला नवी दिशा द्यायची. मी वहीत लिहून घेत होतो. त्याने तीनदा सांगितलं, न चिडता. चौथ्यांदा मला सांगायला लावलं.

जळलेल्याचं काय, ते त्याने काढलंच नाही. मीही काढलं नाही. भीती वाटली की आठवण होईल.

१३ ऑक्टोबर, सोमवार

आबाला सांगितलं. जीपमध्ये, रिकाम्या खेपेला. ते गिअर बदलत म्हणाले, "बरं." वडगावला जीप लावली. उतरताना म्हणाले, "मी बी दोन वर्षं जीप धूत होतो. मालक स्टेरिंगला हात लावू देत नव्हता."

हे मला कधीच माहीत नव्हतं.

संध्याकाळच्या खेपेत त्यांनी परत कुणाला तरी सांगितलंच, "पोरगा मिस्त्री हाय." मी त्यांच्याकडे बघितलं. ते रस्त्याकडे बघत होते.

१८ ऑक्टोबर, शनिवार. धनत्रयोदशी

किट आलं. डब्याला अण्णाने जुन्या बनियनचं कापड गुंडाळलंय. आत चिठ्ठी, त्यावर बॅटरीचं चित्र अन् मोठा बाण.

दुकानात आज पाय ठेवायला जागा नाही. सगळ्या केजला आजच भांडी घ्यायची आहेत. काकू गल्ल्यावर, म्हणून काम उद्या. मीही तीन तास भांडी बांधून दिली. रुद्रेशभाऊने पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला.

१९ ऑक्टोबर, रविवार

बॅटरी फिरवली. लगेच अडलं. प्लसचं टोक जाड असतं, मायनसचं बारीक, त्यामुळे जुन्या पट्ट्या बसेनात. नव्या आणायला बंकटकडे जावं लागलं. त्याला कारण सांगितलं.

"बॅटरी उलटी करतो? कितवी शिकलास बे?"

"सातवी. नापास."

"तरीच." पण पट्ट्या दिल्या, अन् स्वतः मागोमाग बघायला आला. हात मागं बांधून उभा राहिला. "मी तीस वर्षं बॅटऱ्या विकतो, पण हे कधी बघितलं न्हाई," असं दोनदा म्हणाला. त्याने मल्टिमीटर आणलं होतं. मी आधी मीटरने बघितलं, मग काकूंना विचारलं, मग परत मीटर लावलं. बंकट म्हणाला, "किती डाव बघशील? बॅटरीला कुळवाची पाळी घालतो का?"

बघितलं ते बघितलं.

कॉइलच्या वायरी फिरवल्या. मग डायनामो. त्याची बारकी वायर सोडवायची अन् बॅटरीच्या चालू वायरीला क्षणभर टेकवायची, दोन-तीनदा. ठिणगी पडते. तेवढ्यात डायनामो नवीन दिशेने करंट करायला शिकतो. मी वायर पुढं केली तर काकू म्हणाल्या, "दे हिकडं." पदर खोचला, वायर धरली. टच. ठिणगी. टच.

"झालं?"

"झालं म्हणायचं."

"सत्तर वर्षांची सवय, अन् दोन टिचक्यात?" त्यांनी डायनामोकडे जरा संशयानेच बघितलं.

मग किट. पंधरा मिनिटं लागली. चावी फिरवायच्या आधी मी हात पुसले, परत पुसले. रुद्रेशभाऊ दुकानातून कधी येऊन उभा राहिला कळलं नाही.

वास नाही. स्टार्टर दोनदा ओरडला अन् इंजिन लागलं.

असं लागलं म्हणून सांगू. आधी ते दम्याच्या पेशंटसारखं चालायचं. आता एकसारखं. मीटरवरचा लाल दिवा विझला, म्हणजे डायनामो शिकला. बंकट म्हणाला, "आयला." काकू पुढं आल्या. बॉनेटवर तळहात ठेवून उभ्या होत्या, ताप बघतात तसा.

रुद्रेशभाऊ म्हणाला, "शेडात लागली म्हणजे चढावर लागंल असं न्हाई." अन् गेला. एवढा चांगला दिवस, पण त्याला चैन नाही.

२२ ऑक्टोबर, बुधवार. पाडवा

टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडायची ते लावणं. त्याला एक दिवा लागतो, झगमग करणारा, तो वर्कशॉपमध्ये आहे, केजमध्ये नाही. काकू म्हणाल्या, "कानानं लावू."

नेकनूरच्या रस्त्याला गेलो. काकू चालवतात, मी शेजारी. काकूंचा पाय पेडलवर असा असतो जसं खाली कोणी झोपलंय. चढ आला की इंजिनातून बारीक आवाज.

"दगडं चावतीय," काकू म्हणाल्या अन् थांबल्या. मी उतरलो, डेल्को केसभर फिरवला. पुन्हा चढ. "आता आळसटली." परत उतरलो, अर्धा केस माघारी. असं नऊ वेळा. नवव्या वेळी काकू काही बोलल्या नाहीत. गाडी वर गेली, वळली, खाली आली, तरी बोलल्या नाहीत. मी विचारलं, "काकू, कसंय?"

"गप. ऐकू दे."

२५ ऑक्टोबर, शनिवार

पुण्याच्या माणसाचा फोन आला होता. अठ्ठावीसला सकाळी येतोच म्हणाला. बरोबर गाडी वाहून न्यायचा ट्रकही आणतोय. एवढी त्याला खात्री.

आई म्हणते मी झोपेत बोलतो. काय बोलतो विचारलं तर म्हणे, "बॉडीला, बॉडीला."

२७ ऑक्टोबर, सोमवार

सकाळी आठला निघालो. काकू, शेजारी मी, मागच्या सीटवर रुद्रेशभाऊ. त्याच्या मांडीवर नायलॉनचा दोर, गाडी ओढायचा, अन् दोन लिटर पाणी, टॉर्च, बिस्किटाचे तीन पुडे. सकाळी आठला टॉर्च. काकू म्हणाल्या, "हिमालयात चाललाव का रे?" त्याने दोर अजून जवळ ओढला.

नेकनूरपर्यंत काही नाही. मांजरसुंब्यापर्यंत काही नाही. रस्ता पावसाने उखडलेला, काकू खड्डे चुकवत नाहीत, त्यांच्याशी बोलत बोलत जातात. कपिलधारला उतार आहे, तिथं गाडीला काहीच कष्ट नाहीत. खाली दरीत गार हवा, धबधबा अजून चांगला वाहता. समाधीचं दर्शन घेतलं. रुद्रेशभाऊने गाडीकडे तोंड करूनच हात जोडले. मी काय मागितलं ते लिहीत नाही.

खरी परीक्षा परतीची. चढ, अन् इंजिन तापलेलं.

अर्ध्यावर पुढं उसाचा ट्रॅक्टर. दोन ट्रॉल्या. त्याचं काहीतरी अडकलं अन् तो थांबला. आमच्या मागं जीप, एसटी. पुढं जायला जागा नाही, मागं सरायला नाही. उन्हं डोक्यावर. काकूंनी हँडब्रेक ओढला. गाडी जागेवर, इंजिन चालू.

काकू हळूच म्हणाल्या, "जानेवारीत हितंच गेलती."

मी आवाज ऐकत होतो. एक मिनिट. दोन. बॉनेटवरून वाफेसारखी हवा हलत होती. जुने पॉइंट असते तर एव्हाना खोकली असती. पाच मिनिटं झाली असतील. मी आरशात बघितलं. रुद्रेशभाऊ पुढं वाकला होता अन् त्याचा हात काकूंच्या खांद्यावर होता. दोर खाली पडला होता. त्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं याला गाडी लागली.

ट्रॅक्टरवाल्याने खाली उतरून काहीतरी ठोकलं, शिव्या दिल्या, चढला. ट्रॉल्या हलल्या. काकूंनी पहिला गिअर टाकला. गाडी एकदा अंग झटकून वर निघाली. वळणानंतर रस्ता रुंद झाला तसा काकूंनी हॉर्न दिला अन् ट्रॅक्टरला मागं टाकलं. साठीच्या बाई, सत्तर वर्षांची गाडी. ट्रॅक्टरवाला आ वासून बघत राहिला.

वर आल्यावर रुद्रेशभाऊ म्हणाला, "आई, जरा थांब. पाणी पी."

"घरी जाऊन पिऊ. थांबली अन् तू म्हणालास बंद पडली, तर?"

"म्हणत न्हाई."

"मी न्हाई थांबत."

साडेबाराला घरी. काकूंनी शेडात नेऊन स्वतःच्या हाताने बंद केली, तोवर ती बंद झाली नव्हती. रुद्रेशभाऊने तिथंच उभ्या उभ्या पुण्याला फोन लावला. "साहेब, येऊ नका. न्हाई न्हाई, भावाचं काही न्हाई. गाडी विकायची न्हाई." समोरचा काहीतरी वाढवून बोलला असणार. हा म्हणाला, "आवो, आई वापरती ती."

मग चावी काकूंच्या हातात देत म्हणाला, "फुडच्या सोमवारी मला सहाला उठव."

"काहून?"

"पुसायला नको का गाडी?"

मला हे कळलं नाही. हा माणूस स्वतःची मोटारसायकल पुसत नाही.

२९ ऑक्टोबर, बुधवार

सव्वाचारच्या सोलापूर गाडीने निघायचं. आज बॅग आहे. अण्णाला सकाळी फोन केला. तो म्हणाला, टायमिंग किती ठेवलं? मी म्हणालो, माहीत नाही, काकूंनी गप म्हटलं तिथं ठेवलं. तो लई हसला. मग म्हणाला, सोमवारपासून पार्ट धुवायच्या टबाला दुसरा माणूस बघतो. का ते सांगितलं नाही. काढून टाकणार असता तर हसला नसता, असं मी धरून चाललोय.

आबांची जीप भरलेली होती, म्हणून काकूंनीच मला स्टँडवर सोडलं. एकट्याच आल्या होत्या. बॅग काढून दिली. मी पाया पडलो तर म्हणाल्या, "तिकडं कुणी बाई दिसली गाडीजवळ, तर आधी तिला विचारत जा." मी हो म्हणालो. तिकडं वर्कशॉपमध्ये बायका नसतात, पण म्हणालो.

काकूंची गाडी पहिल्या फटक्यात लागली. बंकट दुकानातून ओरडला, "अक्का, बॅटरी सुलटीच हाय ना?" काकूंनी खिडकीतून हात हलवला.

मी एसटीत खिडकीशी बसून बघत होतो. चौकातून घराचा रस्ता डावीकडे. काकू चौकात थोड्या थांबल्या. मागून एकाने हॉर्न दिला. मग उजवीकडे वळल्या, अंबाजोगाईच्या रस्त्याला. तिकडं त्यांचं काय काम निघालं असेल, काही कळलं नाही. दुकान तर उघडं होतं. हिरवी पाठ उसाच्या मागं दिसेनाशी झाली तरी आवाज येत होता. एकसारखा होता. कुठंच अडखळत नव्हता.